एका शब्दापुरता श्वास

आटपाडी
१० डिसेंबर १९७२

ती. आईस,

थंडी पडली. इथं पहाटे अंगावर काटा येतो, म्हणजे आपल्याकडं नदीकाठाला धुकं उतरायला लागलं असणार. धुकं उतरलं की आबांची छाती भरते. म्हणून लिहिते आहे. आधीच्या पत्रांचं उत्तर आलं नाही, तरी लिहिते.

तुला वाचता येत नाही. मानसिंगदादा पलटणीत. घरात वाचणारे एकटे आबा. म्हणजे हे पत्र तुला आबांनीच वाचून दाखवायचं, आणि त्यांनी तर मला मेलेली ठरवलं आहे. मेलेल्या लेकीचं पत्र वाचायला काय हरकत आहे, एवढं त्यांना विचार.

तेव्हा आबा, वाचताय तर नीट वाचा. मधलं गाळू नका.

दम्याची गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायचीच. छाती भरल्यावर नाही, भरू नये म्हणून. कराडचे डॉक्टर माझ्यासमोर काय म्हणाले होते आठवतं? "हवालदार, पलटणीत पहारा शत्रू आल्यावर लावत होता का?" तुम्ही हसला होता. हसता हसता खोकला आला होता, तो खोकला तुम्ही रुमालात दाबलात.

आई, आता तुझ्यासाठी. त्यांच्या गोधड्या रोज उन्हात टाक, आणि झटकायच्या त्या मागच्या परड्यात, घरात नाही. वैरणीच्या खोलीशेजारी त्यांना झोपू देऊ नकोस. उशाला दोन उशा हव्यात. मिरच्या भाजायला घेतल्यास की आधी त्यांना देवळाकडं पाठव. आणि गुर्‍हाळ सुरू झालं असेल तर चुलवाणापाशी उभं राहू नका म्हणावं. चिपाडं पेटली की तो धूर आधी आबांनाच शोधत येतो. रस ढवळायला गडी आहेत, मालकानं लांब खाटेवर बसलं तरी गूळ होतो.

हे सगळं तुला ठाऊक नाही असं नाही. पण आबांना धाप लागलेली कुणाला दिसलेली चालत नाही. ते मागच्या पडवीत भिंतीकडं तोंड करून बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, आणि कुणी हाक मारली तर "हवालदार झोपलेत" म्हणून सांगायचं. पलटणीतनं दम्यापायी घरी पाठवलं हे गावाला कळू नये, म्हणून आजवर सगळं झाकलं. मी दारात बसून सांगत होते. आता कोण सांगतं?

माझं म्हणशील तर मी बरी आहे. अर्जुनाचं नाव मी पत्रात सरळ लिहिते म्हणून रागावू नकोस. "हे" असं लिहिलं तर आबा म्हणतील, हे कोण? अर्जुना अजून जनावरांच्या दवाखान्यातच आहेत. आपल्या बैलांना लस टोचायला आले होते तेव्हा जसे होते तसेच आहेत, कमी बोलणारे. मराठ्याची लेक धनगराच्या घरात गेली म्हणून तुमच्याकडं जे काय बोललं गेलं, ते इथं मला कुणी बोलून दाखवत नाही.

पाऊस यंदा आलाच नाही. मामंजी मेंढरं घेऊन खाली कोकणाकडं गेले. गावाबाहेर जनावरांची छावणी पडली आहे, अर्जुना दिवसभर तिथंच असतात. पाणी टँकरचं. सासूबाई, म्हणजे अंबूबाई, मला हंडा उचलू देत नाहीत, स्वतः जातात. का, ते नंतर लिहीन.

तुझी
शालू


आटपाडी
२५ जानेवारी १९७३

ती. आईस,

परवा छावणीत आपल्या गावचा ज्ञानू भेटला. कारखान्याच्या भागातनं जनावरांच्या चाऱ्याला उसाचं वाडं भरून ट्रक येतात, त्यातला एक त्याचा. मला बघून आधी लाजला, मग ओळख दिली.

मी विचारलं, "आबा कसे आहेत?"

"हायेत की."

"ज्ञानूदादा, खरं सांग."

तो टायरला पाय मारत राहिला. मग म्हणाला, "अगं, गुर्‍हाळावर हुते. रसाच्या काहिलीला उकळी आली, धूर वळला, अन् त्यांनी एकदम खांबच धरला. आमी पळालो तर म्हणले, ठसका लागलाय. घरला चालत गेले. वाटंत बसत बसत गेले, पर गाडीत बसा म्हटलं की डोळं वटारायचे."

आई, हे तू मला का कळवलं नाहीस असं मी विचारणार नाही. कळवणार कशी? पण पुढचंही ज्ञानूनं सांगितलं. कुणी वैदूनं धोतऱ्याच्या पानांची बिडी दिली आहे आणि आबा ती ओढतात. तेवढी तुझ्या हातानं चुलीत टाक. त्यानं घटकाभर मोकळं वाटतं, मग तोंड कोरडं पडतं, डोळ्यांपुढं अंधारतं, माणूस बरळायला लागतो. धुरानं भरलेल्या छातीला आणखी धूर कशाला? कोजागरीची औषधाची खीर खाल्लीत त्याला माझं काही म्हणणं नाही, खीर गोड असते. पण खीर खाल्ली म्हणून गोळ्या बंद केल्या असतील तर ते चुकलं. आणि बंद केलेल्या गोळ्या मग एकदम चार गिळल्या असतील तर तेही चुकलं. हात थरथरतात, काळीज उडतं, ते त्यापायीच.

आता हे जपून ऐक. धाप लागली की त्यांना कधीही आडवं करायचं नाही. बसवायचं, पुढं उशी किंवा पोतं द्यायचं, त्यावर हात टेकू दे. सदऱ्याचं बटण सोड. घरात गर्दी नको. श्वास ओढायची घाई करू नका म्हणावं, सोडायचा सावकाश, निखाऱ्यावर हळू फुंकर घालावी तसा. बहुतेक वेळा एवढ्यानं आणि गोळीनं उतरतं.

पण बोलताना वाक्य पुरं होईना, दोन शब्दांनी थांबायला लागले, गळ्याच्या खालची खळगी आत ओढली जायला लागली, ओठ काळवंडले, तर मग कुणाचं ऐकू नकोस. आबांचंसुद्धा. जीप बोलाव आणि कराड गाठ. लोक बघतील म्हणतील. बघू देत.

ज्ञानू जाता जाता आणखी एक बोलला. माझं पत्र आलं की आबा अंगणात उभे राहून आधी एकटे वाचतात, मग आत येऊन तुला वाचून दाखवतात. शालूचं पत्र म्हणत नाहीत. "आटपाडीस्नं आलंय" म्हणतात.

एवढं मला पुष्कळ झालं.

तुझी
शालू

ता. क. हंडा का उचलू देत नाहीत ते ज्ञानूनं बघितलंच आहे. त्यानं घरी सांगितलं असेल. नसेल तर तू ओळख.


सांगली
१४ मार्च १९७३

ती. आईस,

हे पत्र बाळासो मास्तरांकडून वाचून घे. आबा माझ्यासमोर खाटेवर आहेत. आधी एवढं ऐक: ते बरे आहेत. बसल्या बसल्या झोपलेत, पाठीशी तीन उशा आहेत. तार मिळाली असेल, पण तारेत काय मावतं? म्हणून सगळं लिहिते.

आबा आटपाडीला येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी अर्जुनांची भाकरी घेऊन छावणीत गेले होते. ज्ञानूचा ट्रक आला, आणि पुढच्या दारातनं आबा उतरले. फेटा, कोट, पलटणीचे बूट. मी तिथंच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं, आणि सरळ अर्जुनांकडं वळले.

"जनावरांचा डाक्टर तूच न्हवं?"

"डाक्टर न्हाई आबा. डाक्टरांच्या हाताखाली हाय."

"ह्यो माल छावणीचा हाय. गावानं दिलाय. कुठं उतरायचा?"

मागं वाडं रचलेलं होतं, आणि वाड्याच्या आड पिंपं. आपल्या विहिरीच्या पाण्याची. तू भरून दिलीस ना ती? आबा म्हणाले, छावणीला. मी म्हटलं, बरं.

कुणी नको नको म्हणताना ते स्वतः वाडं ओढायला चढले. जनावरांना पाण्याचा वास लागला, सगळी दावणीला हिसके द्यायला लागली. त्यात वावटळ उठली. वाळलेलं शेण, भुसा, माती, सगळं ट्रकवरनं गेलं. वारं पडल्यावर बघते तर आबा खाली उतरून ट्रकच्या मागं चालले होते. मी त्यांचे खांदे बघितले. कानाला लागलेले. मला आणखी काही बघायची गरज नव्हती.

मी मागं गेले. त्यांनी हातानं, जा, अशी खूण केली. मी गेले नाही. त्यांच्याच कोटाच्या खिशातली गोळी काढून जिभेवर ठेवली. तोवर माणसं गोळा झाली. कुणी म्हणे पाणी पाजा, कुणी म्हणे आडवं करा, कुणी कांदा फोडून आणला.

आई, मी सासरच्या गावात चार माणसांत कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ओरडले. "कुणी आडवं करायचं नाही! मागं सरा, वारं येऊ द्या!"

माणसं ऐकेनात. मग माझ्या पाठोपाठ आलेल्या सासूबाईंनी हातातली काठी उगारली. "सून सांगती ते ऐकू येत न्हाई व्हय रं? सरा मागं!" मग सरली.

पेंडीच्या पोत्यांवर आबांचे हात टेकवून त्यांना बसवलं. मी म्हणाले, "आबा, तुमचं पूर्ण नाव सांगा." ते माझ्याकडं रागानं बघत राहिले, आणि मग "ला... ला..." एवढंच आलं. हवालदार लालासाहेबांना स्वतःचं नाव पुरं होईना. खळगी आत जात होती. मी अर्जुनांकडं बघितलं. ते जीप आणायला आधीच पळाले होते.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आहेत. त्यांनी दंडात सुई टोचली. थोड्या वेळानं छातीतली शिट्टी कमी झाली, मग थांबली. दारातून ज्ञानू म्हणाला, "देव पावला बघ." मलाही तसंच वाटलं. पण डॉक्टरांनी पुन्हा छातीला नळी लावली, इकडं लावली, तिकडं लावली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"आवाज थांबला म्हणजे उतार पडला असं नाही," ते म्हणाले. "आत हवाच जात नाहीये. ऑक्सिजन माझ्याकडं नाही. सांगली गाठली पाहिजे, आत्ताच्या आत्ता."

त्यांनी शिरेत आणखी एक औषध सावकाश सोडलं आणि पिशवी घेऊन स्वतः जीपमध्ये चढले. त्या माणसाचं भलं होवो.

जीपच्या मागच्या बाकावर आबांना झोपवता येत नव्हतं आणि बसवलं तर तोल जात होता. अर्जुना त्यांच्या मागं बसले, दोन्ही हातांनी त्यांना पुढनं धरलं. पुढं मी माझ्या मांडीवर गोधडीची घडी धरली, आबांनी तिच्यावर कोपरं टेकली. रस्ता कसला, नुसते खड्डे. प्रत्येक गचक्याला अर्जुना आपल्या अंगावर घ्यायचे. ओठ जांभळे पडले होते, आई. मी त्यांच्या नखांकडं बघायचं सोडून दिलं.

मग अर्जुना बोलायला लागले. एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. "आबा, माझ्यासंगं. माझ्या छातीकडं ध्यान द्या. मी सोडतो तवा सोडा. अजून. अजून. आता आपसूक येतोय तेवढाच घ्या. सोडा." विटा मागं पडलं, तासगाव मागं पडलं, त्यांनी एकदाही थांबवलं नाही. आबांचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं होतं. फेटा वाटेत कुठं पडला कुणाला कळलं नाही.

इथं इस्पितळात आणल्या आणल्या ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, सलाईनमधनं औषधं दिली. डॉक्टर एकमेकांत बोलत होते, मला काही कळत नव्हतं. नंतर आमच्याबरोबर आलेले डॉक्टर मला म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर मी काही सांगू शकत नव्हतो.

दिवस कलला तेव्हा छातीत पुन्हा शिट्टी वाजायला लागली. मला रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, रडू नका, आता ती चांगली आहे, हवा जायला लागली. इतकी वर्षं त्या आवाजाची मला भीती वाटत आली. त्या दिवशी तो कान देऊन ऐकत बसले.

मग सिस्टर आल्या, नाव-गाव विचारायला.

"पेशंटबरोबर कोण?"

"मी. मुलगी."

त्यांनी अर्जुनांकडं बघितलं. शर्ट घामानं भिजलेला, हाताला रग लागलेली, तरी आबांना धरूनच उभे.

"आणि हे कोण?"

आई, मला बोलता आलं नाही. एकट्या सिस्टर असत्या तर बोलले असते. पण आबांच्या समोर काय म्हणू? अर्जुनांनीही मान खाली घातली.

तेवढ्यात आबांनी तोंडावरचा मास्क हातानं बाजूला केला. सिस्टर ओरडल्या, "अहो आजोबा, काढू नका!" त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्याजवळ एका शब्दापुरता श्वास होता.

"जावई," आबा म्हणाले.

आणि मास्क परत त्यांनीच तोंडावर ओढून घेतला.

शालू


आटपाडी
११ एप्रिल १९७३

ती. आईस,

हे पत्र ज्ञानूच्या ट्रकमधनं पुढं पाठवते आहे, मास्तरांकडून वाचून घे. अर्जुना आबांना घरी सोडायला येताहेत. परवा सकाळच्या गाडीनं निघतील.

सांगलीच्या डॉक्टरांनी गुर्‍हाळाचा हंगाम संपेपर्यंत घरी पाठवू नका म्हणून सांगितलं, म्हणून आबा एवढे दिवस आमच्याकडं राहिले. तुला करमलं नसेल. इथंही पहिले दोन दिवस सोपे गेले नाहीत. आबा पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना थांबायचे, मग डोळे मिटून प्यायचे. तिसऱ्या दिवशी डोळे मिटायचे थांबले. सासूबाईंनी बघितलं आणि तांब्या पुन्हा भरून ठेवला. त्या बाईला कुठं बोलायचं आणि कुठं नाही ते कळतं.

पण बाकी दोघं सारखे भांडतात. सासूबाईंनी चूल उचलून बाहेर छपराखाली मांडली, तर आबा म्हणाले, "माझ्यापायी तुमी उन्हात बसू नका." त्या म्हणाल्या, "तुमच्यापायी कशाला? माजं डोळं चुरचुरत्यात म्हणून मांडली." त्यांनी आबांच्या गोधडीजवळ मेंढराचं घोंगडं आणलं की आबा ओरडतात, आबांनी बिडीकडं नुसतं बघितलं की त्या ओरडतात. गोळीची वेळ झाली की सासूबाई लांबूनच हाक देतात, "हवालदार, पहारा!" ते डॉक्टरांचं बोलणं मीच त्यांना सांगितलं. आता पस्तावते.

आबांना आता गोळी घ्यायला सांगावं लागत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत चालायला जातात, परत येऊन खांबाला पाठ लावून सावकाश श्वास सोडत बसतात. दमा गेलेला नाही, तो जाणारही नाही. डॉक्टरांनी तसं तोंडावर सांगितलं. सांभाळला तर माणूस म्हातारा होतो, म्हणाले. छाती जड वाटली की आबा आता स्वतः सांगतात, "शालू, आज जरा जड हाय." हे चार शब्द ऐकायला मी लहानपणापासून त्या पडवीच्या दारात बसले होते, असं मला वाटतं.

पाडव्याच्या दिवशी जेवताना आबांनी विषय काढला. माझ्याकडं बघितलं नाही, सासूबाईंना म्हणाले, "पयलं बाळंतपण माहेरी असतंय."

"मग न्या की. मी कुटं न्हाई म्हटलं? पर तुमच्या घरात त्यो गुळाचा धूर. तुमालाच सोसना, तान्ह्याला कसा सोसायचा?"

आबा भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "औंदापासनं ऊस कारखान्याला घालायचा. काहिली इकून टाकतो."

आई, ते गुर्‍हाळ त्यांच्या वडलांपासूनचं. आपल्या गुळाचं नाव कराडच्या पेठेत आहे. तुला विचारल्याशिवाय त्यांनी ठरवलं याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ते घरी आल्यावर तुला विचारतील, ठरवून झाल्यावर विचारायची त्यांची रीतच आहे. पण मी माहेरी यायचं का, हे मात्र मी तुझ्याकडून ऐकल्यावाचून येणार नाही. तू काय म्हणालीस ते अर्जुना परत येऊन मला सांगतील. लोक काय म्हणतील त्याचाही विचार करून सांग. मी रागावणार नाही.

काल संध्याकाळी आबा अर्जुनांबरोबर छावणीत गेले होते, सगळ्यांचा निरोप घ्यायला. मीही मागनं गेले. परत येताना चढ लागतो. चढाच्या मध्यावर आबा थांबले. वाटेवर माणसंच माणसं होती, दुष्काळी कामावर खडी फोडून घरी परतणारी. ती थांबून बघायला लागली. मला वाटलं, आता आबा कुठल्या तरी भिंतीआड जातील, नाही तर मिशीवर हात फिरवून चालायला लागतील.

ते तिथंच, वाटेच्या मधोमध, एका दगडावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. कुणी तरी विचारलं, "पाव्हनं, काय हुतंय?"

"काय न्हाई. दमा हाय," आबा म्हणाले. "तुमी व्हा पुढं. मी दम घेतो अन् येतो."

अर्जुना त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. सूर्य पार खाली गेला. बऱ्याच वेळानं आबांनी हात पुढं केला, अर्जुनांनी धरला, आणि दोघं चढ चढून वर आले.

परवा दुपारपर्यंत ते तुझ्या दारात येतील. आल्या आल्या आबांना बोलायला लावू नकोस. गाडीतनं उतरून येईपर्यंत धाप लागलेली असेल. आधी बसू दे, कोमट पाणी दे. अर्जुना लाजतील, उंबऱ्याबाहेरच थांबतील. त्यांना आत घे.

मग दोघांची पानं शेजारी शेजारी मांड.

तुझी
शालू